समाजमाध्यमे, शाळा आणि शिक्षकाची जबाबदारी

(केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत वाचून चर्चा करावयाचा अभ्यासलेख, शेवटी इयत्ता पाचवी ते सातवीसाठी पाठ-टाचण)

प्रास्ताविक

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाच्या हाती पूर्वी खडू, हजेरीपत्रक आणि शाळेच्या कपाटाची किल्ली असे. आज त्यात मोबाइलची भर पडली आहे. कार्यालयीन सूचना, सभांच्या तारखा, शालेय पोषण आहाराची माहिती, विद्यार्थ्यांच्या याद्या आणि पालकांचे निरोप यांपैकी बराचसा व्यवहार व्हॉट्सॲपच्या गटांतून चालतो. त्यामुळे काम सुकर झाले हे निर्विवाद आहे. परंतु कपाटाची किल्ली कोणाजवळ असावी, याबद्दल शाळेत जी शिस्त होती, ती या नव्या साधनाबद्दल अद्याप पुरतेपणी रुजलेली नाही. पुष्कळ ठिकाणी कोणाच्या मनात वाईट हेतू नसतानाही विद्यार्थ्याचे अहित होते आणि शिक्षकाच्या नावास बाध येतो. यास्तव या साधनाचे गुणदोष, त्यासंबंधीचे नियम आणि शाळेने स्वतःला घालून घ्यावयाची शिस्त यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

ओळख खरी की खोटी : अंधेरी येथील घटना

समाजमाध्यमांचा धोका महाराष्ट्राच्या ध्यानी प्रथम ठळकपणे आला तो मुंबईच्या उपनगरात. ऑगस्ट २००७ मध्ये अंधेरी येथील सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याचे अपहरण होऊन त्याची हत्या झाली. त्या काळी ‘ऑर्कुट’ हे समाजमाध्यम तरुणांत अतिशय लोकप्रिय होते. या माध्यमावर झालेल्या ओळखीचा आधार घेऊन मुलास घराबाहेर बोलावण्यात आले, असे त्या वेळी तपासयंत्रणेकडून सांगण्यात आले. पुढे खटला चालला आणि २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. ऑर्कुटही ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले.

ही घटना सांगताना शिक्षकांनी एक विवेक अवश्य पाळावा. न्यायालयात जे सिद्ध झाले नाही, ते सिद्ध झाल्यासारखे वर्गात सांगू नये. कोणी काय केले हा न्यायालयाचा विषय. विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा बोध त्याहून निराळा असून तो त्या निकालावर अवलंबून नाही. पडद्यावर दिसणारे नाव, छायाचित्र व वय यांपैकी काहीही खरे असेलच, याची खात्री देता येत नाही. गावात नवखा माणूस आला, तर ‘पाहुणे कोणाकडचे?’ असे चारजण विचारतात. मोबाइलमधून आलेल्या नवख्यास असे कोणी विचारीत नाही. तो थेट मुलाच्या हातात येऊन बसतो. घरातील वडीलधाऱ्यांना त्याची चाहूलही लागत नाही. ऑर्कुट गेले, दुसरी माध्यमे आली, परंतु ही उणीव जशीच्या तशी कायम आहे.

लिहिलेल्या शब्दाचे उत्तरदायित्व

दुसरे उदाहरण नोकरीतील व्यक्तींचे आहे. मे २०१२ मध्ये एअर इंडिया या त्या वेळी शासकीय मालकीच्या असलेल्या विमान कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. कर्मचारी संघटनेतील वाद आणि राजकीय नेते यांच्याविषयी त्यांनी फेसबुकवर प्रसृत केलेला मजकूर आक्षेपार्ह असल्याची तक्रार होती. त्यांना काही दिवस कोठडीत काढावे लागले व ते नोकरीतून निलंबितही झाले. त्यांचे निलंबन पुढे मागे घेण्यात आले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळण्यात आलेल्या बंदविषयी एकीने फेसबुकवर मत लिहिले होते. दुसरीने त्यास पसंती दर्शविली होती. या अटकेविरुद्ध देशभर प्रतिक्रिया उमटली. शासनाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई केली. या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा संदिग्ध शब्दांवर नागरिकास अटक करता येईल, ही तरतूद अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे, असा या निर्णयाचा आशय होय.

या दोन्ही घटनांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. नागरिक म्हणून मत व्यक्त करण्याचा हक्क मोठा आहे आणि न्यायालयाने त्याचे रक्षण केले आहे, ही पहिली गोष्ट. विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्र शिकविणाऱ्याने ती विसरता कामा नये. दुसरी गोष्ट अशी की, अंती न्याय मिळाला तरी मधल्या काळात व्हावयाचा मनस्ताप टळत नाही. शिवाय, फौजदारी कलम रद्द झाले म्हणून नोकरीतील वर्तणुकीचे नियम रद्द होत नाहीत. बदनामी, दोन समाजांत वैर पसरविणे, अफवा पसरविणे यांविषयीच्या तरतुदी भारतीय न्याय संहितेत आहेतच.

वर्तणुकीचे नियम आणि २०२५ च्या सूचना

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना महाराष्ट्र जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी असे नियम १९७९ मध्ये झाले. हे दोन्ही नियम समाजमाध्यमे जन्मास येण्यापूर्वीचे असल्याने त्यांचा या माध्यमांवरील वर्तनाशी संबंध कसा लावावा, याविषयी संभ्रम असे. तो दूर करण्यासाठी सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. या सूचना राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात आल्या. त्यांचा सारांश असा :

१. वैयक्तिक व कार्यालयीन खाती निरनिराळी ठेवावीत.
२. राज्य शासनाच्या वा देशातील अन्य शासनाच्या चालू वा अलीकडील धोरणावर प्रतिकूल टीका करू नये.
३. शासनाने बंदी घातलेली संकेतस्थळे व ॲप वापरू नयेत.
४. गोपनीय वा कार्यालयीन कागदपत्रे पूर्वमान्यतेवाचून प्रसृत करू नयेत.
५. वैयक्तिक खात्यावर स्वतःच्या छायाचित्राव्यतिरिक्त पदनाम, बोधचिन्ह, गणवेश तसेच शासकीय वाहन, इमारत इत्यादींचा वापर टाळावा.
६. द्वेषमूलक, मानहानिकारक वा भेदभाव करणारा मजकूर टाकू नये.
७. योजनांच्या यशासंबंधी लिहिण्यास प्रत्यवाय नाही. मात्र ती आत्मस्तुती होऊ नये.
८. बदली झाल्यास कार्यालयीन खाते रीतसर दुसऱ्याच्या स्वाधीन करावे.

कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारखी साधने वापरण्यास या सूचनांनी मुभा ठेवली आहे. सूचनांचा भंग झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

यांपैकी आठव्या सूचनेकडे खेड्यातील शाळांनी विशेष लक्ष द्यावे. अनेक शाळांचा पालक-गट एखाद्या शिक्षकाच्या स्वतःच्या क्रमांकावरून उघडलेला असतो. तो शिक्षक बदलून दुसऱ्या तालुक्यात जातो, परंतु गटाची सूत्रे त्याच्याकडेच राहतात. दोन वर्षांनी त्या गटात कोण आहे, कोण नाही, हे कोणासच सांगता येत नाही. कार्यभार देताना ज्याप्रमाणे जडवस्तुसंग्रहाची नोंदवही, किल्ल्या व धनादेश-पुस्तिका सोपविली जाते, त्याप्रमाणे गटांची सूत्रे, ई-मेल खाते व त्यांचे पासवर्ड यांचीही नोंद करून सोपवणूक व्हावी. नव्या शिक्षकाने ते पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.

गटप्रमुखाच्या जबाबदारीबद्दलही गैरसमज आढळतो. गटातील एखाद्या सदस्याने गैर मजकूर टाकला, एवढ्यावरून गटप्रमुख दोषी ठरत नाही. त्याचा समान हेतू वा पूर्वनियोजित संगनमत दिसले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले. तथापि कायद्याने दोष लागत नाही, म्हणून कर्तव्य सरते असे नव्हे. गैर मजकूर दिसताच तो काढून टाकणे आणि सदस्यास समज देणे, हे शिक्षकास शोभणारे वर्तन होय.

विद्यार्थ्याचे छायाचित्र कोणाचे?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. रत्नागिरी वा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या वाडीतील शाळा डोळ्यांपुढे आणावी. पटावर वीस-बावीस मुले असतात. काहींचे वडील वा चुलते घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी अशा उपनगरांत नोकरीनिमित्त राहतात. मूल गावी आजीजवळ शिकते. शिक्षक पालक-गटात बालसभेचे छायाचित्र टाकतात आणि उपनगरातील चाळीत कामावरून परतलेला बाप ते पाहून सुखावतो. दूर राहणाऱ्या पालकास शाळेशी जोडणारे हे साधन खरोखर मोलाचे आहे. ते बंद करावे असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु ते छायाचित्र तेथेच थांबत नाही. कौतुकाने ते नातलगांच्या गटात जाते, तेथून ग्रामस्थ मंडळाच्या गटात आणि तेथून कोणाच्या तरी फेसबुकवर. खाली मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता, गाव, शाळेचे नाव आणि ‘वडील मुंबईस असतात’ हेही लिहिलेले असते. वाईट हेतूच्या माणसास एवढी माहिती पुरेशी आहे. तो आजीच्या दारी येऊन, ‘तुमच्या मुलाने पाठविले आहे’, असे सहज म्हणू शकतो. छायाचित्र टाकणाऱ्या शिक्षकाने हे कल्पनेतही आणलेले नसते.

याबाबत कायद्याची दिशा स्पष्ट आहे. अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये अधिनियम केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. या अधिनियमाने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकाच्या पडताळता येण्याजोग्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. त्याखेरीज, अत्याचारपीडित, साक्षीदार, काळजी व संरक्षणाची गरज असलेले अथवा विधिसंघर्षग्रस्त बालक यांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. नाव, पत्ता व छायाचित्र यांबरोबर शाळेचे नावही त्यात येते. गावात दुर्दैवी प्रसंग घडल्यास, ‘आमच्या शाळेतील विद्यार्थिनी’ अशी सहानुभूतीची ओळसुद्धा शिक्षकाने समाजमाध्यमावर लिहू नये.

आणखी एक नाजूक बाब आहे. गणवेश, वह्या वा सायकलीच्या वाटपाची छायाचित्रे काढताना गरीब मुलास दात्यापुढे उभे करून त्याचा चेहरा सर्वत्र पाठविण्याची प्रथा पडली आहे. मदत मिळाली म्हणून मुलाची प्रतिष्ठा कमी होत नाही. वस्तूंचे, अथवा मुलांचे पाठमोरे छायाचित्र घेतल्यानेही दात्याचा गौरव होतो.

अफवेचा वणवा : राईनपाडा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जे घडले, ते प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून राज्यभर फिरत होत्या. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाचजणांना जमावाने त्या संशयावरून मारहाण करून ठार केले. निरोप पुढे पाठविणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत, अशी असेल; त्या समजुतीनेच निरपराध माणसांचा बळी घेतला.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. अनेक वेळा फिरलेल्या निरोपावर दुहेरी बाणाची खूण दिसू लागली आणि २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. यंत्राने घातलेली मर्यादा उपयुक्त असली, तरी ती अपुरी आहे. गावात शिक्षकाच्या शब्दास अजूनही वजन आहे. ‘गुरुजींनीच पाठविले आहे’, असे म्हटले की निरोप खरा ठरतो. म्हणून पडताळा न केलेला निरोप इतर कोणी पुढे पाठविला, तर तो दोष. शिक्षकाने पाठविला, तर तो अधिक गंभीर दोष होय.

खात्याची सुरक्षितता

फसवणुकीचे प्रकार बदलत असले, तरी त्यांची मुळे थोडीच आहेत. ती जाणून घेतल्यास बहुतेक प्रसंग टळतात.

ओटीपी : हा खात्याच्या कुलपाची एकदाच चालणारी किल्ली होय. बँक, शिक्षण विभाग वा पोलीस असल्याची बतावणी करून कोणी तो मागितल्यास देऊ नये.

दुहेरी पडताळणी : व्हॉट्सॲपमध्ये सहा अंकी पिन ठेवण्याची सोय आहे. ती सुरू केल्यास केवळ ओटीपी मिळवून दुसऱ्यास खाते बळकावता येत नाही.

अनोळखी फाइल : लग्नपत्रिका, वाहनदंडाची नोटीस वा योजनेची यादी अशा नावाने ‘एपीके’ प्रकारची फाइल येते. ती उघडून मोबाइलमध्ये बसविल्यास निरोप व बँकेची माहिती दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. पत्रिका ही एपीके असूच शकत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

बनावट अधिकारी : मुख्याध्यापक वा विस्तार अधिकारी यांचे छायाचित्र लावून अनोळखी क्रमांकावरून तातडीने पैसे मागितले जातात. अशा वेळी जुन्या, परिचित क्रमांकावर प्रत्यक्ष बोलून खात्री करावी. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही अटक कायद्यात नाही.

याद्यांची छायाचित्रे : विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती व जन्मतारखा असलेल्या याद्यांची छायाचित्रे मोठ्या गटात टाकू नयेत. ज्यास हवी, त्यास स्वतंत्रपणे द्यावी आणि काम होताच पुसावी.

आर्थिक फसवणूक झाल्यास संकोच न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर करणे व तोतयेगिरीने फसविणे, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-क व ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असे गुन्हे आहेत.

शाळेचे आचारपत्र

मोठ्या शहरांतील कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे लेखी धोरण ठेवतात. दोनशिक्षकी शाळेसही अर्ध्या पानाचे आचारपत्र पुरेसे होईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ते वाचून, चर्चा करून मान्य करावे आणि इतिवृत्तात नोंदवावे. नमुना :

१. पालक-गट शाळेच्या कामापुरताच राहील. सामान्यतः फक्त शिक्षक निरोप देतील.
२. प्रवेशाच्या वेळी छायाचित्राविषयी पालकांची लेखी संमती वा नकार घेतला जाईल. नकार देणाऱ्यास कारण विचारले जाणार नाही.
३. छायाचित्राखाली मुलांची नावे लिहिली जाणार नाहीत.
४. कोणाही विद्यार्थ्याचे गुण, आजार, गैरवर्तन वा फी-सवलत यांची चर्चा गटात होणार नाही.
५. विद्यार्थिनींशी व विद्यार्थ्यांशी शिक्षक रात्री वा खासगी निरोपाने बोलणार नाहीत. निरोप पालकांच्या क्रमांकावर जाईल.
६. तक्रार असल्यास पालक शाळेत येऊन मांडतील व शिक्षक ती ऐकून घेतील.
७. दरवर्षी जूनमध्ये सदस्यांची यादी तपासली जाईल.

पाठ-टाचण (इयत्ता पाचवी ते सातवी, एक तासिका)

उद्देश : निरोपाची सत्यता तपासण्याची सवय लावणे, कोणती माहिती कोणास द्यावी, याचा विवेक जागविणे.

साहित्य : एक पोस्टकार्ड, एक बंद पाकीट, कागदाच्या चिठ्ठ्या.

विषयप्रवेश : मुलांना ओळीने बसवून कानगोष्टीचा खेळ घ्यावा. पहिल्या मुलास चिठ्ठीवर वाक्य द्यावे : ‘बाजारात काल दोन नवे व्यापारी आले होते.’ शेवटच्या मुलाने ऐकलेले वाक्य फळ्यावर लिहून मूळ वाक्याशी ताडून पाहावे. बदल कोणी मुद्दाम केला का, असे विचारावे. मुद्दाम कोणीच केला नाही, हे मुलांच्याच तोंडून यावे.

विवेचन : पोस्टकार्ड दाखवून, ‘वाटेत हे कोणकोण वाचू शकेल?’ असे विचारावे. मग पाकीट दाखवावे. समाजमाध्यमावर टाकलेला मजकूर हा पोस्टकार्डासारखा असतो. शिवाय त्याच्या हजारो प्रती निघू शकतात व त्या परत घेता येत नाहीत, हे समजावून द्यावे. त्यानंतर नाव, आवडता खेळ, घरचा पत्ता, आईचा मोबाइल क्रमांक, आवडते पुस्तक आणि शाळेत जाण्याची वाट अशा चिठ्ठ्यांची ‘सांगावे’ व ‘सांगू नये’ अशी वर्गवारी मुलांकडून करून घ्यावी. मतभेद झाल्यास चर्चा होऊ द्यावी.

फलकलेखन : थांबा – कोणी पाठविले ते पाहा – मोठ्यांना विचारा – मगच पुढे पाठवा.

विशेष सूचना : एखादे मूल तासिकेनंतर येऊन, आपल्याला कोणीतरी वाईट निरोप वा चित्रे पाठविली, असे सांगण्याचा संभव असतो. त्या क्षणी, ‘मोबाइल घेतलासच कशाला?’ असा प्रश्न शिक्षकाने करू नये. असा प्रश्न ऐकलेले मूल पुन्हा कोणासही काही सांगत नाही. शांतपणे ऐकून घ्यावे, चूक त्याची नाही हे सांगावे, निरोप पुसू न देता मुख्याध्यापक व पालक यांना विश्वासात घ्यावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक स्वरूपाचा अपराध दिसून आल्यास पोलिसांस कळविणे हे कायद्याने बंधनकारक आहे.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर आलेला दुहेरी बाणाचा एक निरोप निवडून तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला व त्यास आधार काय, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावी. उत्तर न सापडल्यास ‘आधार नाही’ असे लिहावे.

समारोप

साधन नवे असले, तरी त्यासाठी लागणारे गुण जुनेच आहेत. ऐकलेली गोष्ट पारखून घ्यावी, दुसऱ्याची खासगी बाब झाकून ठेवावी, आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी आणि सोपविलेली वस्तू जपावी, हे शाळा पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आली आहे. वाडीतील आजी आणि उपनगरातील बाप या दोघांनी आपले मूल विश्वासाने शिक्षकाच्या हवाली केलेले असते. मुलाबरोबर त्याचे नाव, चेहरा व माहितीही त्याच विश्वासाने हवाली होते. हे ध्यानात ठेवून मोबाइल हाती धरणाऱ्या शिक्षकास नियमांचे ओझे वाटणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या पालक-गटाची सूत्रे आज कोणाकडे आहेत? त्यांची सोपवणूक लेखी झाली आहे काय?
२. गेल्या महिन्यात गटात टाकलेल्या छायाचित्रांपैकी कोणती टाकावयास नको होती, आणि का?
३. नागरिकाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि कर्मचाऱ्याची वर्तणूक यांची सांगड शिक्षकाने कशी घालावी?
४. गावात अफवा पसरल्यास शाळेने पहिल्या तासाभरात काय करावे?